दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना सगळे सावधानबाई म्हणत. तोंडावर नाही हो, पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची? अकरा वर्षं बाई गाडी शिकवत होत्या आणि अकरा वर्षांत त्यांच्या गाडीला एक ओरखडा नव्हता. बाकीच्या मास्तरांच्या गाड्या बघवत नसत. कुणाचा आरसा गेलेला, कुणाच्या बंपरला सुतळी बांधलेली. बाईंची पांढरी गाडी मात्र कालच दुकानातून आणल्यासारखी लखलखीत. रोज सकाळी बाई गाडीभोवती एक फेरी मारायच्या आणि मग इतरांच्या गाड्यांकडे अशा काही बघायच्या की त्या मास्तरांनी निमूटपणे आत जाऊन चहा मागवावा.

गाडीचं झालं, आता माणसांचं सांगायला हवं. बाईंच्या हाताखाली शिकलेली माणसं परीक्षेत नापास व्हायची. पूर्वी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला का होईना, निघून जायची, कारण जुना परीक्षक कनवाळू होता. गाडीत बसला की स्वतःच्या गुडघेदुखीबद्दल बोलत राहायचा आणि उतरताना सही करायचा. तो निवृत्त झाला आणि नवा आला. हा बोलेना, हसेना, नुसता रस्त्याकडे बघत बसायचा. आणि बाईंचे एकापाठोपाठ एक नऊ विद्यार्थी आपटले. नवांच्या नऊ कागदांवर शेरा एकच: 'परीक्षकाला ब्रेक दाबावा लागला.'

शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या. शिकणारा गांगरला, समोर काही आलं, तर मास्तरानं तो दुसरा दाबायचा. परीक्षेच्या दिवशी मास्तराच्या जागी परीक्षक बसतो, आणि त्याला तो दाबावा लागला की खेळ खलास.

आता नऊच्या नऊ माणसं एकाच खड्ड्यात पडली, तर आपण आधी खड्ड्याकडे बघू की नाही? पण नाचता येईना, अंगण वाकडं. बाई स्कूलभर सांगत सुटल्या की त्या नव्या माणसाच्या पायाला खाज आहे. काही समोर नसलं तरी दाबतो. असल्या उतावळ्या पायाच्या माणसाला परीक्षक कुणी केलं, असं त्या विचारायच्या, आणि ऐकणारे मान डोलवायचे. वाद घालून कुणाला झोडून घ्यायचं होतं?

या नवांमध्ये एक होत्या सिस्टर. मोठ्या दवाखान्यात बावीस वर्षं परिचारिका. हात असे स्थिर की हलत्या रुग्णवाहिकेत सुई टोचतील, पण स्टीअरिंग धरलं की तेच हात लटपटायचे. त्या दोनदा नापास झाल्या होत्या. आणि त्यांचं नुसतं हौसेचं काम नव्हतं. दवाखान्यानं अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन मलमपट्टी करायचं नवं काम काढलं होतं आणि ते सिस्टरना देऊ केलं होतं, अट एकच, गाडी स्वतः चालवता यायला हवी. महिनाअखेरपर्यंत जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. तिसऱ्यांदा नापास झालं की नियमानं सहा महिने परीक्षा नाही. म्हणजे जागा गेली, पुन्हा वॉर्ड आणि पुन्हा ती रात्रपाळी.

सिस्टरनी एकदा सिग्नलला थांबल्यावर बाईंना सांगितलं होतं की बावीस वर्षं त्यांना दिवसातून दोनशे वेळा कुणीतरी हाक मारतं. घरी गेल्यावर मुलं हाका मारतात. त्यांना दोन पेशंटांच्या मधली ती पंधरा मिनिटं हवी होती, गाडीचं दार लावून, एकटीनं. बाईंना ते पटलं होतं. त्यांनी सिस्टरना शब्द दिला होता की तिसऱ्या खेपेला पास करून दाखवीन. अकरा वर्षांत त्यांनी असा शब्द कुणाला दिला नव्हता. आता महिना संपायला दोन आठवडे उरले होते.

अशात गाडी सर्व्हिसिंगला गेली. तिथला मिस्त्री म्हणजे मोजून मापून बोलणारा माणूस, दिवसाला दहा वाक्यं बोलला तर घसा धरायचा. बाई गाडी आणायला गेल्या तेव्हा त्यानं पुसायच्या फडक्यावर पेडलची दोन रबरं ठेवली होती. एकावरच्या आडव्या रेषा अगदी ठसठशीत, बोटाला टोचतील अशा. दुसरं झिजून पार गुळगुळीत, मधोमध तर आतलं लोखंड डोकावत होतं.

"बाई, ही गाडी चालवतं कोण?" मिस्त्रीनं विचारलं.

"शिकणारे चालवतात. मी शेजारी बसते."

"मग हा नवाकोरा ब्रेक चालवणाऱ्याचा आहे, आणि हा झिजलेला तुमचा. अकरा वर्षांत एकदाही बदललेली नाहीत दोन्ही."

एवढं बोलून मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली शिरला. बाईंना असा राग आला की विचारू नका. रबराचा माल वेगवेगळा असतो, त्यांनी गाडीखालच्या दोन पायांना सुनावलं. एक ऊन लागणाऱ्या बाजूचं असतं. माझ्या चपलांचा तळ खरबरीत आहे. गाडीखालून काही उत्तर आलं नाही. मिस्त्रीची दहा वाक्यं बहुधा संपली होती.

पण चोराच्या मनात चांदणं. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधी बाईंनी पर्समधून एक बिस्किट काढलं आणि आपल्या पेडलवर रबरबँडनं नीट बसवलं. कुणी पाहिलं नाही ना, तेही बघून घेतलं. मग एका नवशिक्या दंतवैद्याला तासभर गावात फिरवलं. त्या तासात आपण ब्रेकला पाय लावलेला नाही, हे बाई कुणाचीही शपथ घेऊन सांगायला तयार होत्या. तास संपला, दंतवैद्य उतरला आणि बाईंनी वाकून पाहिलं. बिस्किटाचा नुसता भुगा. रबरबँडसुद्धा तुटलं होतं.

दुसऱ्या तासाला दुसरं बिस्किट. तिसऱ्याला तिसरं. दुपारपर्यंत पुडा संपला आणि पायाखालची सतरंजी अशी दिसू लागली, की जणू तिथे लहान मुलांची शाळा भरली होती. पाय आपला आपण जायचा हो. पुढची गाडी मंदावली की जायचा, वळण आलं की जायचा, आणि इतका हळुवार, इतका वेळेवर जायचा की शिकणाऱ्याला वाटायचं, व्वा, आपल्यालाच जमलं. बाईंना तर काही वाटायचंच नाही. नऊ माणसं परीक्षेला गेली ती ब्रेक कसा दाबायचा हे न शिकताच गेली होती. आणि परीक्षकाच्या पायाला खाज नव्हती. तो बिचारा जीव वाचवत होता.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या त्या गप्पगप्पच. त्यांचे यजमान पुस्तकांच्या बांधणीचं काम करायचे आणि बोलायचेही तसेच, एकेक पान जुळवत. ते भाजी निवडत ओट्याशी उभे होते. बाईंना बघून त्यांनी नेहमीसारखं सुरू केलं, "मी काय म्हणतो, आपण एकदा…"

इथे बाई दरवेळी म्हणायच्या, "पंखा बघून घेऊ. निरोप दिलाय इलेक्ट्रिशियनला." मग यजमान "हं" म्हणायचे आणि विषय संपायचा. इलेक्ट्रिशियन तीनदा येऊन गेला होता. तिन्ही वेळा तो पंख्याला काही झालेलं नाही असं सांगून, उगाच तेल घालून गेला होता.

आज बाईंच्या ओठांवर पंखा आला होता. त्यांनी तो दातांखाली दाबून धरला. यजमान थांबले. वाट पाहिली. बाई काहीच बोलेनात, तेव्हा त्यांनी जवळ येऊन विचारलं की अंगात ताप वगैरे आहे का.

"नाही. तुम्ही बोला. आपण एकदा, पुढे काय?"

पुढचं वाक्य यायला बराच वेळ लागला. इतक्या वर्षांत त्यांना आपलं वाक्य स्वतः संपवायची सवयच राहिली नव्हती. शेवटी ते म्हणाले, आपण एकदा दोघंच नुसतं चालायला जाऊ. कुठेही. तू सदा गाडीत असतेस, चालता चालता बोलून किती वर्षं झाली.

हे कधीपासून सांगायचं होतं, बाईंनी विचारलं.

"पंखा पहिल्यांदा दुरुस्त झाला ना, तेव्हापासून."

बाईंना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. या माणसाला आपण पंख्याखाली गप्प बसवून ठेवला, ते काळजीच्या नावाखाली. त्याचं चुकू नये, त्याला शब्द शोधावे लागू नयेत म्हणून. गाडीतही तेच, घरातही तेच. मला सगळं आधी दिसतं, हा तो गर्व, आणि आपण त्याला आजवर जबाबदारी म्हणत आलो. बाई ओट्याशी उभ्या राहून स्वतःलाच चार शब्द बोलल्या, आणि ते चार शब्द इथे लिहिण्याजोगे नाहीत. मग दोघं कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जाऊन आले. वाटेत बाईंनी त्यांचं एकही वाक्य पुरं केलं नाही. जीव नुसता कासावीस झाला, पण नाही केलं.

सकाळी सिस्टर आल्या. बाईंनी गाडी सुरूच करू दिली नाही. बिस्किटांसकट सगळं सांगून टाकलं. आपली चूक कबूल करायची बाईंना सवय नव्हती, त्यामुळे त्या एखाद्या तक्रारअर्जासारख्या बोलल्या, पण बोलल्या. तीन महिन्यांत तुम्ही स्वतःच्या मनानं ब्रेक एकदाही दाबलेला नाही. मीच दाबला.

बाईंना वाटलं होतं, सिस्टर हसतील. सिस्टर हसल्या नाहीत. त्या समोरच्या काचेतून बघत राहिल्या, आणि बोलल्या तेव्हा आवाज वॉर्डातला होता.

"पेशंटचा हात मोडला आणि मी दोन महिने त्याला घास भरवत राहिले, तर त्याचा हात आखडतो. मग तो रडतो की माझा हात कामातून गेला. बाई, मी घरी जाऊन दोनदा रडले. मला वाटलं, माझ्यातच काही नाही. तुम्ही माझा पाय आखडवून ठेवलात."

माफी मागायची असते हे बाईंना जरा वेळानं सुचलं, मग त्यांनी माफी मागितली. सिस्टरनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, चला, आखडलेला हात मोकळा करायला व्यायाम लागतो. दिवस बारा आहेत. रोज दोन वेळा.

भाजीबाजाराच्या मागे मोकळं मैदान होतं, सकाळी तिथे रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांशिवाय कुणी नसायचं. बाईंनी खोक्यांची रांग लावली आणि सिस्टरना सांगितलं, रांगेच्या अलीकडे थांबायचं. स्वतः शेजारच्या सीटवर बसल्या आणि चपला काढून सरळ मांडी घातली. पायांवर विश्वास नव्हता त्यांचा. चोरांना बांधून ठेवलेलं बरं.

पहिल्या दिवशी सात खोकी चिरडली. मांडीतला उजवा पाय दरवेळी उसळायचा आणि बाई तो दोन्ही हातांनी दाबून धरायच्या. तोंडानंही काही बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून त्यांनी तोंडात बडीशेप धरली होती. दुसऱ्या दिवशी पाच खोकी. तिसऱ्या दिवशी सिस्टर खोक्यांपासून इतक्या आधी थांबल्या की मध्ये एक ट्रक मावला असता, आणि चौथ्या दिवशी त्यांनी एकही खोकं चिरडलं नाही, पण गाडी मागे घेताना ती कचऱ्याच्या लोखंडी पेटीला घासली.

खर्रकन आवाज आला. दोघी उतरल्या. मागच्या दारावर वीतभर ओरखडा. अकरा वर्षांचा कोरा कागद, त्यावर रेघ. बाई वाकून बघत राहिल्या. आता आपल्याला काहीतरी भयंकर वाटेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. आभाळ होतं तिथेच होतं. एक मांजर पेटीवर बसून दोघींकडे तुच्छतेनं बघत होतं. बाई सरळ झाल्या आणि म्हणाल्या, मागे घेताना खांदा वळवून बघायचं असतं. चला, परत.

स्कूलमध्ये तो ओरखडा बघायला सगळे मास्तर बाहेर आले. एकानं तर त्यावरून हळूच बोट फिरवलं. बाईंनी सगळ्यांना बघू दिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर बसून चहा घेतला. सुतळीच्या बंपरवाल्या मास्तराचे विद्यार्थी पहिल्या फटक्यात का पास होतात, हेही त्यांनी विचारून घेतलं. तो बिचारा इतका गांगरला की त्यानं साखर दोनदा घातली.

परीक्षेचा दिवस महिन्यातला शेवटचा. नियमानं विद्यार्थ्याला आपल्या ओळखीचं एक माणूस मागच्या सीटवर बसवता येतं. बाई कधी बसल्या नव्हत्या. मागे पायाखाली काही नसतं, त्यांचा जीव घाबरा व्हायचा. पण सिस्टर म्हणाल्या, तुम्ही या. काही करू नका, नुसत्या बसा. म्हणून बाई मागे बसल्या, हात मांडीवर, पाय एकमेकांवर. पुढे परीक्षक, मांडीवर कागद, चेहरा बंद दारासारखा.

सिस्टरचं पहिलं वळण ठीक झालं. सिग्नल ठीक. चढावर गाडी बंद पडली, पण त्यांनी न गडबडता पुन्हा सुरू केली. मग बाजाराचा रस्ता लागला. एका पाव-बिस्किटांच्या दुकानासमोर माल उतरवायला ट्रक उभा होता, रस्ता मोकळा, समोरून कुणी नाही. बाईंनी नीट बघितलं होतं. अकरा वर्षांच्या डोळ्यांनी बघितलं होतं. काहीही नव्हतं. गाडी सावकाश ट्रकच्या बाजूनं पुढे निघाली.

आणि सिस्टरनी करकचून ब्रेक दाबला.

परीक्षकाचं पेन उडून खाली पडलं. बाई पुढच्या सीटवर आदळता आदळता राहिल्या. मनात म्हणाल्या, गेलं. सगळं गेलं. रिकाम्या रस्त्यात ब्रेक, आता हा माणूस काय लिहिणार ते दिसतंच आहे. बारा दिवसांची मेहनत, सिस्टरची जागा, माझा शब्द, सगळं मातीत. परीक्षकानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ट्रकच्या पुढून एक म्हातारा बाहेर आला. छातीशी पावाची लादी धरलेली, नजर जमिनीवर. गाडीकडे त्यानं बघितलंही नाही. गाडीच्या नाकासमोरून, हाताच्या अंतरावरून, पाय ओढत ओढत तो पलीकडे गेला.

मग परीक्षकानं खाली वाकून पेन उचललं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ट्रकच्या खालून पाय दिसले," सिस्टर म्हणाल्या. "एक पाय ओढत होता. असा माणूस मध्येच थांबत नाही साहेब, कारण थांबलं की पुन्हा निघताना दुखतं. तो येणारच होता."

परीक्षकानं कागदावर काहीतरी लिहिलं. बऱ्याच वेळानं म्हणाला की आपल्याला तो दिसला नव्हता. आणि नव्या परीक्षकाला हसताना बाईंनी पहिल्यांदा पाहिलं, अगदी थोडं, पण हसला.

सिस्टर पास झाल्या. कागद हातात घेऊन कचेरीच्या बाहेर फुटपाथवर आल्या आणि बाईंच्या गळ्यातच पडल्या. रडल्या, हसल्या, दवाखान्यात फोन केला, पुन्हा रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "बाई, त्या ट्रकपाशी तुम्ही मागून काही केलंत का हो? पाठीवर थाप वगैरे? पाय दिसले खरे, पण मला वाटलं, गाडी तुम्हीच थांबवलीत."

हो म्हणणं सोपं होतं. महिनाभरापूर्वी बाई हो म्हणाल्याही असत्या, आणि त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वासही बसला असता.

"सिस्टर, मला तो माणूस दिसलाच नाही. गाडी थांबल्यावर माझा पाय खाली गेला, तोही आपटला नुसत्या सतरंजीवर. आज ती गाडी माझ्या भरवशावर असती ना, तर तो म्हातारा आपल्या चाकाखाली होता."

अकरा वर्षं आपण सगळ्यांच्या वतीनं रस्ता बघितला असं वाटत होतं, आणि ट्रकच्या खाली बघायचं कधी सुचलंच नव्हतं. सिस्टरनी त्यांचा हात घट्ट धरला, नाडी बघायला धरतात तसा. जरा वेळ तसाच धरून ठेवला.

"मग शिका की," सिस्टर म्हणाल्या. "अवघड नाही. चेहरे सोडायचे, पाय बघायचे."

"शिकवा," बाई म्हणाल्या.

रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या होत्या आणि त्यांच्या खालून पलीकडच्या माणसांचे पाय दिसत होते. सिस्टरनी बाईंना फुटपाथवर खाली वाकायला लावलं. जाणारे-येणारे बघत होते, तर बघोत. हा घाईत आहे, टाच टेकतच नाही, सिस्टर सांगू लागल्या, ही वाट बघत थांबलीय, एवढ्यात रस्त्यात येणार नाही. आणि तो तिसरा कोण, तो येईल का, बाईंनी विचारलं. तुम्हीच सांगा, सिस्टर म्हणाल्या. बाई बराच वेळ बघत राहिल्या, म्हणाल्या येईल, आणि तो माणूस शांतपणे मागे वळून दुकानात गेला. दोघी इतक्या हसल्या की बाईंना उठताना सिस्टरचा हात धरावा लागला.